परसातल्या कोंबड्या कुणाच्या

मुकुल दीड वर्षाचा झाला तरी भिंतीला धरूनसुद्धा उभा राहीना, तेव्हा देवश्रीनं नवऱ्याच्या मागं लागून त्याला धाराशिवला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी पोराला वजनकाट्यावर ठेवलं, पापण्या ओढून पाहिल्या, दंड चिमटीत धरून पाहिला आणि विचारलं, "खायला काय देता याला?"

"वरणभात, तूप, लापशी. दूध दिलं की ओकतो."

"मग अंडं द्या. रोज एक. उकडून द्या, कुस्करून द्या, कसंही द्या. टॉनिक लिहून देते, पण नुसत्या बाटलीवर पोर उभं राहत नसतं."

देवश्रीनं मान खाली घातली आणि गुरुप्रसादनं खिडकीकडं पाहिलं. घरात चार पिढ्यांची भिक्षुकी. वडील, विष्णुपंत, अजून सोवळ्यात पूजा करायचे, यजमान आले की त्यांचे कुळाचार करून द्यायचे. त्या घरात लसूणसुद्धा चातुर्मासात दारातून परत जायचा. गुरुप्रसाद स्वतः एका संस्थेच्या शाळेत लिपिक होता, पण गल्लीत त्याची ओळख विष्णुपंतांचा मुलगा हीच.

परतीच्या एसटीतून तुळजापूर दिसायला लागलं तसं तो हळूच म्हणाला, "दे तू त्याला. माझं काही म्हणणं नाही. पण दुकानातनं आणू नकोस. सगळे दुकानदार अण्णांना ओळखतात. उद्या गावभर होईल."

"मग आणू कुठनं?"

"मागं एवढी जागा पडलीय. पाळ दोन कोंबड्या." तो हसला. "मागच्या वस्तीतल्या येतात म्हणायचं भिंतीवरून. अण्णांचे गुडघे त्यांना मागं येऊ देतात का?"

देवश्रीला ते हसणं तेव्हा आवडलं होतं. आपल्या बाजूनं कुणीतरी आहे, असं तिला वाटलं.

ती तेरची. वडील कृषी सहाय्यक, आयुष्यभर मोटरसायकलवर या गावाहून त्या गावाला हिंडलेले. त्यांच्या मागं बसून ती लहानपणी शेतं बघत फिरली आणि पुढं कृषी पदविका केली. नोकरी करायची होती. लग्नाच्या वेळी सासरचे 'करू दे की' म्हणाले, लग्नानंतर 'सासूबाई गेल्यात, घर कोण बघणार' म्हणाले, आणि मग मुकुल झाला. एवढ्या शिक्षणाचं तिच्या हाती काय राहिलं, तर घरामागचं परसू. न्हाणीच्या पाण्याला वाट करून तिनं तिथं आळू लावलं होतं, तारेवर दोडका चढवला होता, वाफ्यांत मेथी, शेपू, चुका, कडेला वांगी आणि गवार. उन्हाळ्यात गावाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, तरी तिचं परसू कोमेजायचं नाही. धुण्याचं शेवटचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं तिकडं जायचं. विष्णुपंत ताटावर बसले की म्हणायचे, "ही भाजी बाजारची नव्हे." एवढंच. पण ते म्हणायचे.

कोंबड्या आणल्या त्या दगडाबाईकडून. दगडाबाई गावाबाहेरच्या वस्तीवरची, आठवडी बाजारात कोंबड्यांचं डालगं घेऊन बसायची. देवश्रीनं पदर डोक्यावरून ओढून घेऊन भाव विचारला तशी ती बघतच राहिली.

"तुमी? पंतांच्या घरच्या ना?"

"हळू बोला. लेकरासाठी पाहिजेत."

दगडाबाईनं पुढं काही विचारलं नाही. एक तांबडी आणि एक ठिपक्यांची कवडी काढून पिशवीत घातली. "तांबडी गुणाची हाय. कवडी लई भांडते, पर अंडं चुकवायची न्हाय. सांजंला झाकत जावा, मुंगूस येतंय. आन् खुडूक बसली, अंडं द्यायची थांबली, तर घाबरू नका, पाण्याचा हबका मारा."

घरी आल्यावर देवश्रीनं जुन्या लाकडी खोक्याला जाळी ठोकून खुराडं केलं. पहिल्याच सकाळी दोघींनी मिळून मेथीचा अख्खा वाफा उकरला. तिनं वाफ्यांना जुन्या साड्यांचे आडोसे बांधले, तर मुकुलनं रांगत जाऊन ते सोडले. कोंबड्यांच्या मागं लागायचं म्हणून पोर पहिल्यांदा उभं राहिलं. दोडक्याच्या खांबाला धरून उभं राहिलं, खांब सोडला, दोन पावलं टाकली आणि वांग्याच्या रोपावर पडलं. वांग्याचे काटे टोचले तरी रडलं नाही, कारण तांबडी समोर होती.

मग त्याला आवरणं कठीण झालं. त्यानं पोळीचे तुकडे मातीत पेरले. तांब्यानं पाणी घालताना निम्मं स्वतःच्या अंगावर घ्यायचा. नुकती उगवलेली रोपं उपटून आईला आणून द्यायचा, जसं काही बक्षीसच. देवश्री ओरडायची आणि लगेच हसायची. वांग्याचा शेंडा सुकला की ती तो खुडून आतली अळी त्याच्या तळव्यावर ठेवायची आणि तो तळवा कवडीपुढं धरायचा. कवडी टोच मारायची, तो किंचाळायचा आणि पुन्हा हात पुढं करायचा. कोंबड्यांची शीट मातीत कुजवून तिनं वाफ्यांत मिसळली, तशी त्या वर्षी गवार कमरेला लागली.

अंड्याचं पातेलं वेगळं होतं. ते मागच्या न्हाणीतल्या कोनाड्यात, पालथ्या बादलीखाली असायचं; विष्णुपंतांची आंघोळ घरातल्या मोरीत व्हायची. बंबाशेजारच्या चुलीवर ती अंडं उकडायची, सोलताना पहिले काही दिवस नाकाला पदर लावायची. तिनं स्वतः कधी खाल्लं नाही. एकदा गुरुप्रसाद रविवारी मागं आला, दाराला कडी लावली आणि म्हणाला, "मलाही टाक एक. कांदा, मिरची घालून. सोलापूरला हॉस्टेलला होतो तेव्हा रोज खायचो."

तिनं टाकलं. त्यानं उभ्यानंच खाल्लं, बोटं चाटली. "अजून एक असेल?"

पुढं तो दर रविवारी यायला लागला. मुकुलला मांडीवर घेऊन दोघं बापलेक एकाच ताटलीत खायचे. देवश्री चुलीपाशी बसून बघायची. पोराच्या दंडाला आता बोट रुतायचं. लग्नानंतरचे आपले सगळ्यात चांगले दिवस कुठले असं तिला कुणी विचारलं असतं, तर तिनं हेच सांगितलं असतं.

दिवाळीनंतर भैरवीचं बघणं ठरलं. भैरवी ही गुरुप्रसादची धाकटी बहीण. तिचं लग्न लांबत चाललेलं, त्यामुळं घरात बघण्याचा कार्यक्रम म्हटला की सगळ्यांचे आवाज बारीक व्हायचे. लातूरहून पाहुणे आले. मुलगा, आईवडील आणि मुलाची एक आत्या. सगळी बोलणी आत्याबाईच करत होत्या. देवश्रीनं सकाळपासून कोंबड्या खुराड्यात कोंडल्या होत्या, वर पोतं टाकलं होतं. मुकुलला तिनं खेळायला वाटीचमचा दिला होता. पोह्यांच्या बशा घेऊन ती बाहेर आली तेव्हा तो मागच्या दारात बसलेला तिनं पाहिला होता.

आत्याबाई कुळाबद्दल विचारत होत्या, विष्णुपंत गोत्र सांगत होते, तेवढ्यात मुकुल डुलत डुलत बैठकीत आला. दोन्ही हात मातीनं भरलेले. एका मुठीत अंडं. खुराड्याची जाळी त्यानं कशी काढली कोण जाणे. तो सरळ आत्याबाईंपाशी गेला, घरात आलेल्या माणसाला काहीतरी द्यायचं असतं एवढं त्याला समजत होतं, आणि म्हणाला, "आजी, अंदं का."

त्याच्या मागोमाग तांबडी उंबऱ्यावर आली, मान तिरकी करून बैठकीकडं पाहिलं आणि परत गेली.

आत्याबाई पाय वर घेत म्हणाल्या, "अगंबाई! कोंबड्या पाळता होय तुम्ही?"

"छे हो," गुरुप्रसाद म्हणाला. "मागच्या वस्तीतल्या येतात."

"माजी," मुकुल म्हणाला. "तांबी माजी. बाबा खातो."

देवश्रीनं नवऱ्याकडं पाहिलं. आता तो काहीतरी बोलेल, हसून नेईल, डॉक्टरांचं नाव घेईल, असं तिला वाटलं. डॉक्टरांचं नाव घेतलं असतं तरी पुरलं असतं. गुरुप्रसादचे कान लाल झाले होते. तो आत्याबाईंना म्हणाला, "खरं सांगू का, मी दिवसभर शाळेत असतो. मला काही कल्पना नाही. हिच्या माहेरी शेतकऱ्यांच्यात वावर, सगळ्यांकडं जाणं-येणं. हिला काही वाटत नाही त्याचं." मग देवश्रीकडं वळून, घरच्या मोलकरणीला बोलावं तसं, "त्याला ने आत. हात धू त्याचे. आणि तूही आंघोळ केल्याशिवाय बाहेर येऊ नकोस."

विष्णुपंत भिंतीकडं बघत होते.

देवश्रीनं पोराला उचललं. अंडं त्याच्या मुठीत फुटलं आणि तिच्या नव्या साडीवरून ओघळलं. आत न्हाणीत बसून ती बैठकीतलं बोलणं ऐकत राहिली. हसणं पुन्हा सुरू झालं होतं. पोहे छान झालेत, असं आत्याबाई म्हणाल्याचंही तिनं ऐकलं.

आठवड्यानं निरोप आला की पत्रिका जुळत नाही. जुळत नसेलही. पण घरात कारण एकच ठरलं. भैरवी देवश्रीशी बोलायची बंद झाली. पुढच्या वर्षी तिचं सोलापूरला लग्न झालं, चांगलं झालं, तरी सणाला आली की म्हणायचीच, "वहिनीनं माझं एक लग्न अंड्यावर मोडलं." सगळे हसायचे. गुरुप्रसादही हसायचा.

निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी देवश्री दळण घेऊन परत आली, तर मुकुल परसात खुराड्यापुढं बसून "ये, ये, ये" करत होता. खुराडं रिकामं. गुरुप्रसाद चहा पीत म्हणाला, "दगडाबाईला देऊन टाकल्या परत. तिच्याकडं चार कोंबड्यांत राहतील, बऱ्या राहतील. अण्णांच्या वयाचा तरी विचार करायला नको?"

मुकुल कितीतरी दिवस खुराड्यात हात घालून बघायचा. न सापडलेलं अंडं तो आईला मुठीत आणून द्यायचा, नुसती मूठ, आणि तिनं ती उघडून 'वा' म्हणायचं. मग हळूहळू तो तेही विसरला. देवश्रीनं स्वतःची समजूत घातली होती की दगडाबाईच्या वस्तीवर कधीतरी त्याला नेऊन तांबडी दाखवू.

एका बाजारात दगडाबाईच भेटली. "काय बाई, हायेत का कोंबड्या? कवडी भांडती का न्हाय अजून?"

"म्हणजे? तुमच्याकडंच आहेत ना?"

"माज्याकडं? न्हाय बा. कुणीच आलं न्हाय की."

देवश्री पिशवी तशीच घेऊन घरी आली. गुरुप्रसाद बनियनवर वर्तमानपत्र वाचत होता. तिनं दार लोटलं आणि विचारलं, "कोंबड्या कुणाला दिल्या?"

"सांगितलं ना."

"दगडाबाई भेटली मला."

त्यानं पेपर खाली ठेवला. थोडा वेळ खोटं शोधत असल्यासारखा तो इकडंतिकडं बघत राहिला. मग वैतागून म्हणाला, "बाह्यवळणावर तो ढाबा आहे ना, त्याला दिल्या. दगडाबाईला शोधत कुठं वस्ती वस्ती हिंडू? माझ्या हातात कोंबड्यांची पिशवी बघितली असती कुणी तर?"

"तुम्ही जेवता त्या ढाब्यावर. शाळेतल्या लोकांबरोबर."

"मग?"

"त्या दिवशी जेवलात?"

त्यानं पेपर पुन्हा तोंडापुढं धरला. तिला जे विचारायचं होतं ते तिनं विचारलं होतं, आणि त्यानं जे सांगायचं होतं ते सांगितलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, कणीक भिजवली. त्या संध्याकाळी तिनं त्याला वाढलं, नेहमीसारखं, दोन वेळा पोळी विचारली. आजही विचारते. पण त्या दिवसापासून तिनं त्याला कुठल्याच गोष्टीचं कारण विचारलं नाही, आणि आपलंही कुठलं सांगितलं नाही. आपली बायको किती शांत झाली याचं त्याला बरंच वाटलं.

परसाकडं तिनं पाठ फिरवली. भांडून नाही, ठरवूनही नाही. पाणी घालायला हात उचलेना. वांगी किडली, दोडक्याचा वेल तारेवर वाळून दोरीसारखा झाला. आळू तेवढं न्हाणीच्या पाण्यावर तगून राहिलं, त्याला कुणाची गरज नव्हती. तशात मार्चमध्ये टाळेबंदी लागली. बाजार बंद, भाजीवाले गल्लीत येईनात. विष्णुपंतांच्या ताटात दिवसामागून दिवस पिठलं आणि डाळ पडायला लागली. एक दिवस ते काठी टेकत मागच्या दारापर्यंत आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"सूनबाई, काही लावलं असतंत तर आज घरची भाजी असती."

"व्हय," देवश्री म्हणाली. माहेरचं 'व्हय' तिनं लग्नानंतर तोंडातून पुसून टाकलं होतं, त्या दिवशी ते आलं.

ते दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "मला माहीत होतं. पहिल्या आठवड्यातच. कोंबडी अंडं घालून गप्प बसते होय? म्हटलं, पोराच्या अंगाला लागतंय तर आपण कानाडोळा करावा. गुरूनं त्या दिवशी तसं बोलायला नको होतं. मी त्याच्या जागी असतो तर सांगितलं असतं, की आमच्याच आहेत, लेकरासाठी ठेवल्यात."

देवश्रीनं सासऱ्यांकडं पाहिलं. म्हातारा खरं बोलत होता, निदान त्याला तसं वाटत होतं. तिच्या मनात आलं, तुम्ही त्याच्या जागी नव्हता, पण तुमच्या जागी तर होता ना? त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर? तुम्ही एक शब्द बोलला असता तर आत्याबाईंची काय बिशाद होती?

"तुम्ही आत बसा, अण्णा," ती म्हणाली. "ऊन लागेल."

विष्णुपंत त्यानंतर वर्षभरानं गेले. पुढच्या उन्हाळ्यात गुरुप्रसादनं परसात शहाबादी फरशी घालून घेतली, नवी मोटरसायकल लावायला. आळूही गेलं.

मुकुल बालवाडीत जायला लागला तेव्हा देवश्रीनं बायकांच्या बचत गटांना परसबाग शिकवायचं काम धरलं. ओळखीतल्या एका बाईंनी सुचवलं, कंत्राटी काम होतं. गुरुप्रसादला पगाराचं वावडं नव्हतं. ती सकाळच्या एसटीनं वाशीकडच्या, परंड्याकडच्या गावांत जाते. बायकांना वाफे आखून देते, सांडपाण्याची वाट कशी काढायची ते दाखवते, मुंगसापासून खुराडं कसं राखायचं ते सांगते. तिच्यामुळं कितीतरी घरांमागं आता कोंबड्या हिंडतात. गावोगावच्या बायका तिला ताई म्हणतात, भाजीची जुडी हातात कोंबतात. ती जुडी घेऊन ती घरी येते तेव्हा चप्पल फरशीवर वाजते.

मुकुल सहा वर्षांचा झाला, अंगानं भरला. वर्गातल्या पोरांत उंच. शाळेत जेवणाबरोबर आठवड्यातून एकदा अंडं मिळायला लागलं होतं, जे खात नाहीत त्यांना केळं. त्या दिवशी तो दप्तर टाकून म्हणाला, "आई, मी केळंच घेतलं. आमच्या वर्गातले सगळे अंडं खातात. घाणेरडे. शी! बाबा म्हणाले, आपल्या घरात कधी कुणी शिवलंसुद्धा नाही."

"बाबा म्हणाले?"

"हो. ते म्हणाले आपण वेगळे आहोत."

देवश्री भाजी निवडत होती. गप्प बसायची तिला सवय झाली होती, तशी ती बसलीही असती. पण पोराच्या तोंडावरचा तो तुच्छतेचा भाव तिला ओळखीचा वाटला.

"मुकुल," ती म्हणाली, "तू लहानपणी उभा राहत नव्हतास. अंडी खाऊन उभा राहिलास. मी भरवायचे तुला, याच हातानं. आपल्या घरच्या कोंबड्यांची. बाबा तुझ्याच ताटलीत खायचे."

पोर बघत राहिलं. त्याला आठवत नव्हतं. काहीच आठवत नव्हतं, हे तिला त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं.

"खोटं," तो म्हणाला. मग ओरडला, "खोटं बोलतेस तू! घाणेरडी!" आणि त्यानं निवडलेल्या भाजीच्या ताटाला लाथ मारली.

संध्याकाळी गुरुप्रसाद आला. मुकुलनं रडत रडत त्याला विचारलं, "बाबा, आई म्हणते तुम्ही अंडं खायचात. खरंय?"

गुरुप्रसादनं देवश्रीकडं पाहिलं. देवश्रीनंही त्याच्याकडं पाहिलं, पण या वेळी तिनं कशाची वाट बघितली नाही.

"तुझ्या आईला चेष्टा करायची सवय आहे," तो म्हणाला आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवला.

मुकुल दोन दिवस तिच्या हातचं जेवला नाही. बापानं त्याला बाहेरून इडली आणून दिली. तिसऱ्या दिवशी भूक लागली तशी तो आपणहून ताटावर येऊन बसला आणि "आई, तूप" म्हणाला. लेकरू ते, विसरलं. देवश्रीनं तूप वाढलं, त्याचा डबा भरला आणि परंड्याकडच्या एसटीची वेळ झाली म्हणून पायात चपला सरकवल्या.